भास्कररावांची रेघ

भास्कररावांच्या शेजारच्या मेजावर मी अकरा वर्षं बसलो. त्यातली दहा तरी मी मनातल्या मनात कपाळाला हात लावून काढली. आता ते गेल्यावर जो तो म्हणतो, काय माणूस होता! होता ना. पण अशा माणसाच्या शेजारी रोज सकाळी अकरा ते पाच बसून बघा, म्हणजे कळेल. दुरून डोंगर साजरे.

आमची कचेरी तक्त्यांची. महाराजांच्या राज्यात तेव्हा गावोगाव शाळा निघत होत्या आणि प्रत्येक शाळेच्या भिंतीला काहीतरी टांगायला हवं होतं. कपाशीचं बोंड आतून कसं दिसतं, डोळ्याचे भाग कोणते, आजव्याच्या तलावातलं पाणी बडोद्याच्या नळात कसं येतं, असले तक्ते आम्ही शिळाछापावर छापायचो. मूळ चित्र चित्रकार कागदावर रंगवून देई. ते पारदर्शक कागदावर गिरवून दगडावर उतरवायचं काम माझं. मग त्या चित्रातल्या एकेका भागाचं नाव बाजूला लिहायचं आणि नावापासून त्या भागापर्यंत बारीक रेघ ओढायची, हे काम भास्कररावांचं. एवढंच. नाव आणि रेघ. पण त्या दोन गोष्टींवरून या गृहस्थांनी सगळ्या कचेरीचं डोकं खाल्लं होतं.

"रेघ वस्तूला टेकलीच पाहिजे," ते म्हणत. "अलीकडे थांबली तर पत्ता विचारणाऱ्याला 'असंच पुढे जा' म्हणून सांगितल्यासारखं होतं." रेघेवरून रेघ जाता कामा नये. जागा नसेल तर एक नाव गाळा, पण दाटी करू नका. आणि सगळ्यांत कडक नियम हा की जे चित्रात दिसतं ते शब्दांत लिहायचं नाही. कोणी यादीत 'बोंडातला पांढरा कापूस' असं लिहून पाठवलं की 'पांढरा' या शब्दावर काट बसायची आणि दिवसभर फणफण चालायची. "लोकांना डोळे आहेत की नाहीत?" गाईच्या पोटाचा तक्ता त्यांनी तीन आठवडे अडवून ठेवला होता, कारण चार कप्प्यांच्या चार रेघा त्यांना मनासारख्या सुट्या करता येईनात. गाय बिचारी तोवर दोन वेळा व्याली असती.

बडोद्यातल्या वाडी भागात त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. एकदा मी तिथे जेवायला गेलो, तर कमळाबाईंनी वाढता वाढता माझ्यापुढेच गाऱ्हाणं मांडलं. "यांनी लोणच्याच्या सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, भावजी. मला वाचता येत नाही, आणि ह्यांना स्वयंपाकघरात चमचा कुठे असतो ते ठाऊक नाही. मग चिठ्ठी कोणासाठी, तेवढं विचारा." मी विचारलं. भास्करराव भात कालवत म्हणाले, "वस्तूला नाव असावं." मी लोणचं घेतलं. चिठ्ठीवर 'लिंबू' होतं आणि लिंबूच होतं.

आता शिळाछापाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दगडावर जे काढाल त्याच्या उलट कागदावर उमटतं. म्हणून दगडावर अक्षरं उलटी लिहावी लागतात, आणि चित्राचा पारदर्शक कागदही दगडावर पालथा घालून मग गिरवावा लागतो. भास्करराव उलटी अक्षरं तुम्ही-आम्ही सुलटी लिहितो त्याहून भराभर लिहीत. तरीही शेवटी खिशातून एक लहानसा आरसा काढून ते सगळी अक्षरं आरशात तपासायचे. आरसा कमळाबाईंचा होता. त्या नवा मागून मागून थकल्या होत्या.

छप्पनियाच्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळात पागांमधली घोडी पटापट मेली. दोन वर्षांनी पागा नव्याने भरायला घेतल्या, तेव्हा लक्षात आलं की घोडं पारखणारी जुनी माणसंही बरीचशी गेली. आपल्या मराठा पागांमध्ये घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांवर सगळा भरवसा. केसांचा हा भोवरा इथे असला तर घोडं लाभतं, तोच तिथे असला तर धन्याला खातं, अशी त्यांची पक्की समजूत. खरं-खोटं देव जाणे, पण हजेरीला घोडं ठेवायचं की काढायचं ते त्यावर ठरायचं. आणि आता हजेरी घ्यायला आले नवे कामदार, म्हणजे सरकारी अंमलदार, बहुतेक गुजराती, जे आधी जकातीकडे होते आणि ज्यांना घोडं कुठल्या बाजूने दाणा खातं एवढंच माहीत होतं. तेव्हा भोवऱ्यांचा तक्ता काढून पागांमधून टांगावा, असा हुकूम आमच्याकडे आला.

एका म्हाताऱ्या पागेदारांनी यादी सांगितली. चित्रकाराने दोन घोडी रंगवून दिली. वरचं घोडं डावी बाजू दाखवत उभं, त्याच्या अंगावर सगळे शुभ भोवरे. खालचं उजवी बाजू दाखवत उभं, त्याच्यावर अशुभ. मुख्य भोवरा खांद्यावरचा. डाव्या खांद्यावर असला तर शुभ, उजव्यावर असला तर अशुभ.

आमचे वरिष्ठ बळवंतराव म्हणाले, "चित्राखाली 'डावी बाजू', 'उजवी बाजू' असं लिहा."

आणि इथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं. भास्करराव म्हणाले, "का? घोड्याचं तोंड दिसतंय, शेपूट दिसतंय. डावी कुठली ते दिसत नाही? ज्याला घोड्याचं डावं-उजवं कळत नाही त्याला पागेत ठेवायचं कशाला?"

"अहो, दोन शब्दांनी काय तुमचा दगड फुटणार आहे?"

"दोन शब्दांनी सुरुवात होते. उद्या म्हणाल, खाली 'घोडा' असं लिहा."

दोन दिवस हे चाललं. दोन दिवस! मी मध्ये बसून दोघांची तोंडं बघत होतो. शेवटी बळवंतराव वैतागून म्हणाले, "घाला ते शब्द खड्ड्यात. पण उद्या दुपारपर्यंत दगड तयार पाहिजे." भास्कररावांनी यादीतला एकूण एक 'डावा' आणि 'उजवा' काटून टाकला आणि जिंकल्यासारखे पान खायला बाहेर गेले. आणि त्यांच्या त्या दोन दिवसांची भरपाई करायला संध्याकाळी मी एकटा मागे राहिलो.

आता माझं सांगतो. नकाशा असता तर मी मेलो असतो तरी कागद पालथा घालायला विसरलो नसतो. नकाशात नदी उलटी वाहिली की तलाठ्यापासून सगळे बोंब मारतात. पण त्या संध्याकाळी कागद पालथा घातला तर मागून रेषा पुसट दिसत होत्या, डोळे चुरचुरत होते, आणि त्या वितंडवादाने माझं डोकं फिरलं होतं. मी मनात म्हटलं, घोडं इकडे तोंड करून उभं राहिलं काय आणि तिकडे काय. कागद सुलटाच ठेवला आणि गिरवून मोकळा झालो.

सकाळी भास्कररावांनी त्यावर नावं चढवली. घाई होती, आणि बळवंतरावांशी मनातलं भांडण अजून संपलं नव्हतं. ओठ हलत होते. आरसा काढून त्यांनी अक्षरं तपासली. घोडं तपासलं नाही. ते माझं काम, आणि माझ्या कामात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं. चारशे प्रती निघाल्या, वर मंजुरीचा शिक्का बसला आणि पागापागांत टांगल्या गेल्या. कागदावर दोन्ही घोडी उलट्या बाजूने उभी होती. 'शुभ' लिहिलेलं घोडं उजवी बाजू दाखवत होतं आणि 'अशुभ' लिहिलेलं डावी. 'डावी' आणि 'उजवी' हे दोन शब्द कुठे असते, तर छापणाऱ्यालासुद्धा ते कळलं असतं.

चार महिन्यांनी येसूबाई कचेरीत आल्या. एका शिलेदाराची विधवा बाई, साठीच्या पुढची. हातात आमचा तक्ता, गुंडाळी केलेला. आत येऊन त्यांनी तो माझ्या मेजावर पसरला आणि विचारलं, "हे कोणी काढलंय?" सगळ्यांनी भास्कररावांकडे बघितलं. अक्षर त्यांचं होतं ना.

"लिहिलंय ते खरं आहे," येसूबाई म्हणाल्या, "पण घोडं खोटं आहे. आमच्या घोडीच्या डाव्या खांद्यावर भोवरा आहे. माझ्या सासऱ्यांनी त्या भोवऱ्यासाठी तिची आई घेतली होती. छप्पनियात आम्ही घरातली भाकरी तोडली, पण हिचा चारा नाही तोडला. आणि आता तुमचे कामदार म्हणतात, घोडी अशुभ. आठ दिवसांनी हजेरीतून काढणार. घोडी गेली की माझ्या मुलाची, उदयसिंहरावाची, नेमणूक गेली, म्हणजे आमचं घर गेलं. दुसरं घोडं आणू कुठून मी?"

"तुमचा डाव्या-उजव्याचा घोटाळा झाला असेल, बाई," बळवंतराव म्हणाले.

"माझा? चाळीस वर्षं घोड्यावर डावीकडून चढणाऱ्या माणसांचं जेवण रांधलंय मी. मला डावं कळत नाही होय?"

भास्कररावांनी कुलूप काढून मूळ चित्र बाहेर काढलं. तक्त्याशेजारी ठेवलं. आरसा काढला. बराच वेळ बघितलं आणि मग खाली बसले. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी दौतीत पाहत होतो.

त्यानंतरचे सात दिवस आठवले की अजून माझं रक्त उकळतं. चूक कबूल करायला निघालेल्या माणसाला सरकारदरबारी ती करू देत नाहीत, हे मी तेव्हा शिकलो. बळवंतराव म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला? चारशे तक्त्यांवर मंजुरीचा शिक्का आहे." चूक दुरुस्त करायची तर आधी चूक झाल्याचं मंजूर व्हायला हवं. ते मंजूर करणारे दौऱ्यावर. त्यांच्या खालच्यांना तसा अधिकार नाही. त्यांच्याही खालच्या कारकुनाने चष्मा वर करून विचारलं, "तक्ता चुकलाय याला पुरावा काय?"

"घोडा," भास्करराव म्हणाले.

"घोडा म्हणजे काही कागद नव्हे."

दर संध्याकाळी ते परत यायचे आणि दर संध्याकाळी मी म्हणायचो, "भास्करराव, जाऊ द्या हो. तुम्ही काय जगाचा ठेका घेतलाय?" मला तेव्हा त्यांचा खराखुरा राग येत होता. ते गप्प बसले असते तर मलाही गप्प बसता आलं असतं.

"घोडी जाईल," एवढंच ते म्हणायचे.

आठव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. काखेत मूळ चित्र, खिशात आरसा, हातात शाईची बाटली आणि कुंचला. "चला. आरसा धरायला माणूस पाहिजे." हरणी गावाच्या वाटेवर, जिथे येसूबाईंच्या घोडीची हजेरी होती त्या पागेपर्यंत आम्ही चालत गेलो.

पागेत घोडी रांगेने उभी होती. कामदार खुर्चीवर, मागे भिंतीवर आमचा तक्ता. येसूबाई एका बाजूला उभ्या होत्या, आणि त्यांचा मुलगा उदयसिंहराव पांढऱ्या घोडीचा लगाम धरून उभा होता. भास्कररावांनी आधी मूळ चित्र दाखवलं. कामदारांनी ते उलटसुलट करून बघितलं. "आ तो ठीक आहे, पण यावर शिक्का कुठे आहे?"

मग भास्कररावांनी मला भिंतीवरच्या तक्त्यापुढे आरसा धरायला लावला. "बघा. आरशात बघा. घोडं आता सुलटं उभं राहिलं की नाही? ही त्याची डावी बाजू."

कामदारांनी वाकून बघितलं. "पण अक्षरं तर उंधी दिसतात ने! उलटं लिहिलेलं मी खरं मानू, आणि सुलटं छापलेलं खोटं मानू?"

"अक्षरं नका बघू! घोडं बघा!"

"मला अक्षरं वाचता येतात, भास्करराव. घोडं नाही येत."

प्रामाणिक उत्तर होतं ते, पण भास्कररावांचा तोल गेला. अकरा वर्षांत मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही ते ओरडले नाहीत. त्यांनी बाटलीचं बूच दातांनी काढलं, घोडीजवळ गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कुंचल्याने तिच्या पांढऱ्या मानेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शुभ'. तिथून एक रेघ सरळ खाली आणली आणि खांद्यावरच्या भोवऱ्याला टेकवली. मग किंचित थांबले. आणि तिच्या पोटावर, सगळ्यांना दिसेल असं, त्यांनी लिहिलं, 'डावी बाजू'. बळवंतरावांशी दोन दिवस भांडून जे शब्द त्यांनी काटले होते तेच. घोडी शहाणी, जागची हलली नाही.

शिलेदार हसायला लागले. एक म्हणाला, "शेपटीवरही लिहा, नाहीतर कामदार तोंड समजतील!" कामदार मात्र उठून घोडीजवळ गेले. मानेवरचं अक्षर बघितलं, भिंतीवरचं बघितलं, परत मानेवरचं बघितलं. "हे तर तेच अक्षर. म्हणजे तक्ता तुम्हीच लिहिला?"

"मीच."

"आणि तुम्हीच म्हणता की चुकला?"

"आठ दिवस तेच म्हणतोय."

"मग चूक कशी झाली आणि कोणाची, ते सही करून लिहून द्या. मला नाव पाहिजे. नाव असलं की मी घोडी ठेवतो. नावाशिवाय शिक्क्याच्या विरुद्ध जाता येत नाही मला."

आठ दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी भास्कररावांना कळेल असं बोललं होतं. ते तिथेच जमिनीवर बसले, मांडीवर मूळ चित्राचा पुठ्ठा घेतला आणि लिहायला लागले. मी चार हातांवर आरसा घेऊन उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. 'कागद मी ठेवला होता.' पाच शब्दसुद्धा नाहीत. पण मी उपरण्याने आरसा पुसत राहिलो. कामदारांनी कागद वाचला, मान हलवली, घडी करून दप्तरात ठेवला. घोडी राहिली. येसूबाईंनी घोडीच्या तोंडावरून हात फिरवला. ती शाई त्यांनी पुढे महिनाभर कोणाला धुऊ दिली नाही म्हणे.

कचेरीत व्हायचं तेच झालं. परस्पर पागेत जाऊन वरिष्ठांचं नाक कापलं म्हणून भास्कररावांना तक्त्यांवरून काढून दप्तरखान्यात पाठवलं. तिथे जुन्या कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले असत. प्रत्येक रुमालावर काय आहे त्याची चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. तक्त्यावर नाव घालायची कला असलेला माणूस मरेपर्यंत फडक्यांवर चिठ्ठ्या डकवत बसला. त्यांचं मेज मला मिळालं, आणि बळवंतराव गेल्यावर कचेरीही मलाच मिळाली. दप्तरखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. मी क्वचितच जायचो. गेलो की ते चहा मागवायचे आणि माझ्या नव्या तक्त्यांतल्या रेघा कुठे कुठे अलीकडे थांबल्यात ते सांगायचे. मला ते ऐकवत नसे.

सहा वर्षांनी भोवऱ्यांचा तक्ता नव्याने काढायचं ठरलं, तेव्हा पागेकडचे जुने कागद माझ्याकडे आले. त्यात तो कागद होता. मजकूर नव्हताच त्यावर. भास्कररावांनी चूक चित्र काढून दाखवली होती. एक दगड, त्यावर एक पारदर्शक कागद, बाजूला एक घोडं. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची रेघ. घोड्याखाली लिहिलं होतं, 'डावी-उजवी हे शब्द गाळले', आणि तिथून एक रेघ उजवीकडच्या नावाला टेकली होती, 'भास्करराव'. ती रेघ खरी होती. पारदर्शक कागदाजवळ लिहिलं होतं, 'पालथा न घालता ठेवला', आणि तिथूनही एक रेघ निघून त्याच नावाला टेकली होती. माझं नाव कुठेच नव्हतं.

त्यांनी आयुष्यात खोटं लिहिलेलं हे एकच नाव असेल. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी तो कागद घेऊन तसाच दप्तरखान्यात गेलो आणि त्यांच्यापुढे टाकला.

"ही रेघ चुकीची आहे," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं. त्या दिवसापासून माहीत होतं."

त्यांनी चष्मा लावला. कागद जवळ घेऊन, मग लांब धरून नीट बघितला.

"दोन नावांना जागा नव्हती, रमाकांत," ते म्हणाले. "दाटी झाली असती."

कागद खालून अर्धा कोरा होता.